हीटर प्लग

नर्मदाकाठची जानेवारीतील पहाट फार थंड असते. १९७९ सालच्या अशाच एका पहाटे मी जबलपूरला वडिलांच्या जुन्या डिझेल ट्रकपाशी उभा होतो. हौद्यात मटारची पोती भरलेली होती आणि ती सिवनीमार्गे नागपूरच्या बाजारात वेळेवर पोचवायची होती. वडील चहा घ्यायला गेले होते. ट्रक चालू करण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली की ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. पण इंजिन गारठलेले असेल, तर त्याचे लोखंडच ही उष्णता शोषून घेते. म्हणून त्या काळच्या अनेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असे. आमच्या ट्रकचे सहाही प्लग एकसर जोडणीत होते. ते तापू लागले की डॅशबोर्डवरील जाळीमागची तार लाल होई. त्या दिवशी ती काळीच राहिली.

एकसर जोडणीत एक दुवा तुटला की सारे मंडळ खंडित होते, हे मी शाळेत शिकलो होतो. दोषी प्लग शोधण्यासाठी मी पहिल्यालाच पाना लावला. काजळीने तो घट्ट बसला होता. मी पान्यात नळी अडकवली आणि सारे बळ लावले. ‘कट्’ असा आवाज झाला. प्लग मोडून त्याचे टोक आतच राहिले.

वडिलांनी एक शब्दही न बोलता मिस्त्रीकाकांना बोलावले. काका व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांनी मोडलेला प्लग वगळून तिथे जाड तार जोडली आणि मग उरलेल्या प्लगांची टोके एकेक करून दुसऱ्या तारेने क्षणभर जोडली. चौथ्यापाशी डॅशबोर्डवरची तार लाल झाली. दोष तिथे होता! पुढे हेड उतरवल्यावर दिसले, की मी मोडलेल्या प्लगची तार शाबूत होती.

तो चौथा प्लगही जाम झाला होता. काकांनी हेडवर कढत पाण्यात भिजवलेली पोती ठेवली, आट्यांवर तेल सोडले आणि ते निवांत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी पाना किंचित सैल केला, पुन्हा किंचित आवळला. असे पुष्कळदा केल्यावर प्लग अलगद बाहेर आला.

“बेटा, जाम झालेल्याला आधी ऊब द्यायची. जोर शेवटी,” काका आपल्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाले.

मटार दुसऱ्याच्या ट्रकने गेला. भाड्याची उचल परत करावी लागली, हेडच्या दुरुस्तीचा खर्च वेगळाच. घरात त्या नुकसानीचा हिशेब झाला, पण माझे नाव कोणी काढले नाही. मी मात्र आठवडाभर ट्रककडे फिरकलो नाही.

दुरुस्ती झाल्यावर एका पहाटे वडिलांनी मला उठवले. अंगणात दव पडले होते. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “आज तूच चालू कर.”

मी किल्ली फिरवली. जाळीमागची तार हळूहळू लाल होऊ लागली. वडील शेजारी बसून होते. त्यांना कसलीही घाई नव्हती.

आज तो ट्रक नाही, काका नाहीत, वडीलही नाहीत. कोणी रुसून, आखडून बसलेले दिसले, की माझा हात अजूनही आधी पान्याकडे जातो. मग ती लाल होत गेलेली तार आठवते आणि मी थांबतो.