आधी लाइट देखा

पारोळ्याचा मिस्त्री कुठल्याही बंद यंत्रासमोर बसला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "आधी लाइट देखा, मंग मशीनले हात लावा." मग तो टीव्ही असो की विहिरीवरची मोटार. रब्बीत मळ्यांतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्याकडे घरातला पंखा रेंगाळतो, आणि मध्यरात्री भार उतरला की तोच पंखा सुसाट सुटतो. चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसणाऱ्याला याहून चांगला गुरुमंत्र नाही.

माझ्याकडचा स्पेक्ट्रम प्लस डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ पासून भारतात विकायला आणलेल्यांपैकी. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडच्या सिंक्लेअरचा, १९८२ सालचा. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचे. चालू केला की पडदा काळा होतो, मग पांढरा, आणि खाली सिंक्लेअरचं नाव उमटतं. कितीतरी घरांतल्या पोरांनी आपली पहिली बेसिकची ओळ अशाच यंत्रावर टाइप केली, म्हणून तो माळ्यावर मरू द्यावा असं मला वाटत नाही. बिघडला की नावाच्या जागी उभे पट्टे येतात, आणि पट्टे दिसले की लोक थेट चिपवर संशय घेतात. उपाशी माणसाच्या डोक्यात बिघाड शोधावा, तसा हा प्रकार.

ॲडॅप्टर ९ व्होल्टचा. आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठा कंडेन्सर. व्होल्टेज बांधून ठेवणारं काहीच नाही. म्हणून नुसता मोजला तर मीटर बारा-तेरा दाखवतो. त्या आकड्याला अर्थ नाही, मोजायचं ते यंत्राचा भार घालून. घरात २३०ऐवजी १८० व्होल्ट येत असले की भारावरचे ९ व्होल्ट ७वर उतरतात. आतल्या ७८०५ या रेग्युलेटरला ५ व्होल्ट नीट द्यायला साधारण ७ लागतातच. तो काठावर आला की चालू प्रोग्राम अर्ध्यात कोसळतो. रात्री लाइट चढली की उलट होतं : जादाचे व्होल्ट तो उष्णतेत उधळतो आणि त्याचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो.

त्यात आमचा मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि कंडेन्सरचं आयुष्य तर दर १० अंशांमागे जवळपास निम्मं होतं. आतला द्रव सुकला की तो सेकंदाला शंभर वेळा येणारे चढउतार गाळू शकत नाही. टीव्ही सेकंदाला पन्नासदा पडदा रंगवतो, त्यामुळे दोन फिकट आडव्या पट्ट्या चित्रावरून संथ सरकू लागतात. मीटर हातात घेण्याआधीच त्या पट्ट्या कंडेन्सरचं नाव सांगतात.

एवढं ठीक निघालं, तरच झाकण उघडावं. खालच्या १६ के मेमरीच्या आठ चिपचं नुसत्या ५ व्होल्टवर भागत नाही. १२ आणि उणे ५ही लागतात, आणि ते एक कॉइल व दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. काळा प्रोब ७८०५च्या पत्र्यावर टेकवायचा. लाल प्रोब चिपच्या पहिल्या पायावर उणे ५ दाखवतो, आठव्यावर १२, नवव्यावर ५. उणे ५ गायब दिसले तर यंत्र त्याच क्षणी बंद करावं, कारण त्यावाचून बाकीचा सप्लाय चालू राहिला तर चिप जळतात. गुन्हेगार बहुधा टीआर ४ हा ट्रान्झिस्टर असतो. पण नवा डकवून मोकळं होऊ नये. शॉर्ट झालेल्या एखाद्या चिपनंच त्याला मारलेलं असू शकतं, मग नवाही तिच्यापायी जातो.

आणखी एक घात ॲडॅप्टरच्या पिनेत आहे. पारोळ्याच्या किल्ल्याजवळच्या बाजारात ९ व्होल्टचे ॲडॅप्टर हवे तेवढे मिळतात, पण बहुतेकांचं मधलं टोक प्लस असतं, स्पेक्ट्रमला तिथं मायनस हवं. उलटं जोडलं की फटका पुन्हा त्याच टीआर ४वर. दुकानातच वायरी उलट करून, मीटर लावून बघून घ्याव्यात, आणि त्या ॲडॅप्टरवर लाल रंगात ठळक लिहावं : फक्त स्पेक्ट्रमसाठी.