माहेरच्या घराची डागडुजी

गेली काही वर्षे मी आटगावच्या आसपास जुन्या घरांच्या डागडुजीची कामे घेते. "जवळ पैसा नव्हता, अनुभव नव्हता, मग सुरुवात केली तरी कशी?" असे पुष्कळ भगिनी विचारतात. प्रत्येकीला वेगळे सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे, म्हणून हा लेख. यात मोठेपणा मिरवण्यासारखे काही नाही. जे केले आणि जेवढ्या पैशात केले, ते जसेच्या तसे सांगते.

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव सोडले की आटगाव येते. मुंबईपासून सुमारे ९५ किलोमीटर. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. सुट्टीच्या दिवशी दगड आणून त्यांनी जोते घातले, मातीत विटांच्या भिंती उभ्या केल्या आणि वर मंगलोरी कौले चढवली. तीन खोल्या आणि पुढे पडवी. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो. दरवर्षी मृगाच्या आधी घर शाकारावे लागते. वडील होते तोवर ते स्वतः छपरावर चढत. २०१४ साली ते गेले. दोघे भाऊ नोकरीसाठी बाहेर आणि मी लग्न होऊन कल्याणला. घरात आई एकटी. चार पावसाळे छपराला कुणाचा हात लागला नाही. मागच्या खोलीतले वासे कुजले आणि भिंत बाहेरच्या अंगाला फुगली.

२०१८ च्या दिवाळीत दादाने विषय काढला. "घर पडायला आलंय. गिऱ्हाईक चालून आलंय. आई आमच्याकडे राहील. तू फक्त हक्कसोडपत्रावर सही कर." दादा वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज होते, मुलांची शिक्षणे होती. आई त्याच्यासमोर काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "बाय, मी तिकडं चौथ्या माळ्यावर राहीन. पण माझं म्हणून काय उरंल?"

इथे कायद्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण आपल्या बहुतेक भगिनी सही करून मोकळ्या होतात. घर वडिलांनी स्वकष्टाने बांधलेले. मृत्युपत्र नव्हते. अशा वेळी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे आमच्या घराचे चार सारखे हिस्से. मुलीला वारसा मिळावा, हे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलातले एक महत्त्वाचे कलम होते. ते बिल रखडवले गेले, म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण सारे जाणतो. पुढे १९५६ मध्ये कायदा झाला, तरी त्यात एक पाचर राहिली होती. पुरुष वारस स्वतःहून वाटणी करीपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बहिणीचा आहे. करायची असेल तर आनंदाने करावी, पण समजून करावी.

मी दादाला म्हणाले, "मला दोन वर्षे दे. घर मी दुरुस्त करते. दोन खोल्या भाड्याने देऊ. दोन वर्षांनी तुला पटले नाही, तर मीच गिऱ्हाईक बघेन." दादा रागावून निघून गेला. धाकट्या भावाने मध्यस्थी केली. शेवटी चौघांच्या सह्यांचा एक कागद केला: खर्च मी करायचा, भाड्यातून आधी कर्ज फिटायचे, नंतर भाडे चौघांत सारखे वाटायचे, आई हयात असेपर्यंत पुढची खोली आईची. सामाईक घरावर पहिला रुपया टाकण्याआधी असा कागद करावा. भावाबहिणीत कागद कशाला, असे लोक म्हणतात. माझा अनुभव असा की कागद असला की नाते टिकते.

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढला आणि घरपट्टीची थकबाकी भरली. या उताऱ्यावर घराची नोंद आणि कर आकारणी असते. तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे, पण पुढच्या प्रत्येक कामाला लागतो. २०२० साली स्वामित्व योजना आली आणि ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. आपल्या गावात मोजणी झाली असेल, तर सर्व वारसांची नावे लागली की नाही, हे आवर्जून बघावे.

आता पैशाची बाजू. एका ठेकेदाराने घर पाहून सांगितले, "सगळे पाडा, स्लॅब टाका, चार लाख." माझ्याजवळ शिवणकामातून साठवलेले २४ हजार होते. बचत गटातून दरमहा दीड टक्का व्याजाने ३० हजार घेतले. एकूण ५४ हजार. एवढ्यात जे होईल तेवढेच करायचे, असे ठरवले.

वडिलांच्या ओळखीचे एक वयस्कर गवंडी होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते आले आणि तासभर नुसते घराभोवती फिरले. मग म्हणाले, "बाय, या घराला रोग एकच. पाणी. वरनं येतं, खालनं चढतं. पहिलं पाणी थांबव. भिंतीचं नंतर बघू. रंगाचं तर नावच घेऊ नको." आजवर मी जी कामे केली ती याच क्रमाने केली. आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग भिंती, मग वीज, मग न्हाणी-संडास आणि सर्वांत शेवटी रंग. हातात पैसा थोडा असला की लोक आधी रंग काढतात, फरशी बसवतात. पहिल्याच पावसात ते सगळे वाया जाते.

जानेवारी २०१९ मध्ये काम काढले. वेळही विचार करून धरली. आमचा शहापूर तालुका धरणांचा. तानसा १८९२ सालचे, शिवाय मोडकसागर, भातसा. मुंबईची तहान आमचा तालुका भागवतो आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्याच पाड्यांवर टँकर येतात. सिमेंटच्या कामाला बांधकामाइतकेच नंतर मारायला पाणी लागते. निदान सात दिवस भिंत ओली राहिली पाहिजे, नाहीतर सिमेंटला ताकद येत नाही. म्हणून आमच्याकडे बांधकाम दिवाळी ते होळी या काळातच उरकावे. आईने भिंतीला गोणपाट लावून ते तांब्या-तांब्याने भिजवले. तिने पाइप लावला नाही, बादलीही ओतली नाही.

छपरावरची सगळी कौले उतरवून निवडली. हजारभर कौलांतली पावणेआठशे शाबूत निघाली. पत्रे टाकण्यासाठी लोक जुनी कौले उतरवून ठेवतात. तशी अडीचशे कौले गावातच स्वस्तात मिळाली. कुजलेले वासे आणि रिपा तेवढ्या बदलल्या. छपराला १७,५०० रुपये गेले. पागोळ्यांचे पाणी थेट जोत्याशी पडत होते, म्हणून घराभोवती दगडी चर काढून त्याला उतार दिला.

फुगलेल्या भिंतीला आधी टेकू लावले, छपराचा भार त्यावर घेतला आणि बिघडलेला भाग तेवढाच उतरवला. त्याच विटा साफ करून, भिजवून, एकास सहा या प्रमाणात पुन्हा बांधल्या. चर आणि भिंत मिळून १६ हजार. आतल्या मातीच्या गिलाव्यावर मामांनी सिमेंट मारू दिले नाही. माती ओल बाहेर सोडते आणि सिमेंट ती कोंडून धरते. मग काही दिवसांत पापुद्रे सुटतात. आत मातीनेच लिंपून वर चुना दिला.

एका व्यापाऱ्याने आम्हाला मातकट रेती पाठवली. मामांनी काचेच्या ग्लासात रेती आणि मिठाचे पाणी घालून हलवले आणि ग्लास तीन तास ठेवून दिला. रेती खाली बसली, वर गाळाचा थर जमला. हा थर रेतीच्या बाराव्या भागाहून जाड असेल, तर ती रेती बांधकामाला नको. आमच्या ग्लासात तर पाचवा हिस्सा गाळ होता. तो ग्लास घेऊन मी दुकानात गेले. बरीच वादावादी झाली, पण रेती परत गेली. एका ग्लासाने माझे तीन हजार वाचले.

विजेच्या तारा जुन्या, उघड्या होत्या. तिथे काटकसर केली नाही. नवी वायरिंग, जमिनीत अर्थिंग आणि शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, यांना साडेसात हजार. भाडेकरूसाठी मागे न्हाणी-संडास दुरुस्त करायला ११ हजार. चुना आणि किरकोळ सामान दीड हजार. एकूण ५३,५०० रुपये. मजुरी वाचवायला मी स्वतः घमेली उचलली आणि पाच आठवडे आटगावला राहिले. कामाच्या ओघात मामांनी माझ्या हातात ओळंबा दिला, थापी दिली. शेवटच्या आठवड्यातली न्हाणीची भिंत मी बांधली आहे.

पुढे वाचनात आले की केरळात लॉरी बेकर नावाचे मूळचे इंग्रज वास्तुशिल्पी आयुष्यभर हेच सांगत आले. जुनी कौले, जुनी दारे पुन्हा वापरा, जवळ मिळणारे सामान घ्या, गरज नसेल तिथे गिलावा नको. विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडायची त्यांची पद्धत आहे. तिने भिंतीच्या सुमारे पाव विटा वाचतात. आमच्या मामांनी त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते, पण विचार तोच होता.

एप्रिलपासून दोन खोल्या दरमहा २,२०० रुपयांनी गेल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. कारखाने बंद झाले, भाडेकरू गावी गेले आणि तीन महिने भाडे आले नाही. त्याच सुमारास दादाचे काम सुटले. शहरातल्या खोलीचे भाडे त्याला झेपेना. मे महिन्यात तो वहिनीला आणि मुलांना घेऊन आटगावला आला. चार महिने राहिला. मृगाच्या आधी एक दिवस सकाळीच शिडी लावून छपरावर चढला आणि फुटकी कौले बदलू लागला. विक्रीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. बचत गटाचे कर्ज त्या वर्षअखेर फिटले आणि तेव्हापासून भाडे चौघांत वाटले जाते.

आमचे घर बघून शेजारच्या मावशींनी त्यांच्या छपराचे काम मला सांगितले. मग दुसरे, तिसरे. आता मामा, मी आणि दोन बायका असे आम्ही चौघे कामे घेतो. पहिली कामे लहानच घ्यावीत. सामान मालकाने आणावे, आपण मजुरी घ्यावी, म्हणजे आपला पैसा अडकत नाही. काय करणार आणि काय करणार नाही, हे वहीत लिहून सही घ्यावी. जोतेच खचले असेल, तर "हे माझ्याच्याने होणार नाही" असे स्पष्ट सांगावे. अशा घरासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास योजना आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. बांधकामावर बाई जन्मभर घमेले उचलते आणि तिच्या हातात थापी कुणी देत नाही. पुरुषाएवढी मजुरी तर लांबच. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. आमच्यातली एक भगिनी आता उत्तम गिलावा करते. तिला गवंड्याची मजुरी लावली, तेव्हा एक घरमालक म्हणाले, "बाईला एवढी?" मी त्यांच्या हातात ओळंबा दिला आणि म्हटले, "भिंत तपासा. वाकडी निघाली तर कमी द्या." त्यांनी पूर्ण पैसे दिले.

वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबणाऱ्या प्रत्येकीने इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करून घ्यावी. वयाची अट १८ ते ६० अशी आहे. मुलांच्या शिक्षणाला आणि आजारपणाला त्याचा आधार होतो. पुष्कळ बायकांना हे ठाऊकही नसते.

भगिनींनो, सुरुवात करायची असेल तर परक्याच्या घरापासून करू नका. आपल्याच घराचे छप्पर आधी बघा. या पावसाळ्यात पाणी कुठे गळते, त्या जागी खडूने खूण करून ठेवा. दिवाळीनंतर शिडी लावा. आणि माहेरच्या घराचा कागद कुणी सहीसाठी पुढे केला, तर तो आधी घरी आणून दोनदा वाचा.