आठ ग्रॅमचा फरक

घरी केलेल्या वाईनबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, "मस्त झालीय". दोन, "यात काय असतंय, फळाचा रसच की!" पहिल्या वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे, कारण ते म्हणणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा गाडीची किल्ली असते.

मी इथे कॅलिफोर्नियात गॅरेजमध्ये अधूनमधून वाईन करतो. अमेरिकेत घरच्यापुरती, म्हणजे प्रौढ माणसामागे वर्षाला 100 गॅलनपर्यंत, करायला कायद्याने मुभा आहे. विकायची मात्र नाही. अल्कोहोल मोजणं सोपं आहे. रस आंबवायच्या आधी त्यात हायड्रोमीटर सोडायचा आणि आंबून झाल्यावर पुन्हा एकदा. हायड्रोमीटर म्हणजे आपल्या दूध डेअरीतल्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. साखरेचं पाणी जड, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, तशी घनता उतरत जाते. सुरुवातीला 1.090 होती आणि शेवटी 0.998 झाली तर फरक 0.092. त्याला 131.25 ने गुणलं की साधारण 12 टक्के. आमच्या धंद्यातल्या भाषेत हा निव्वळ 'डिफ' आहे. पण जुनं व्हर्जनच हातात नसेल तर डिफ काढणार कशाचा?

नेमका हाच प्रश्न गेल्या सुट्टीत कोल्हापूरला आला. मित्राबरोबर जोतिबाला गेलो होतो. दर्शन झालं, गुलालाने माखलो आणि पायऱ्या उतरताना त्याने विषय काढला. त्याच्या घरी कुणीतरी जांभळाच्या वाईनचा दोन लिटरचा कॅन दिला होता. लेबल वगैरे काही नाही. असणार कसं? महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाईन करणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. रात्री त्याचा चुलतभाऊ जेवायला येणार होता आणि जेवून मोटरसायकलवरून पन्हाळ्याला परत जाणार होता.

"भावा, इंजिनियर आहेस न्हवं? मोज की मग, किती आहे ते."

मी म्हटलं, नुसत्या हायड्रोमीटरने नाही जमणार. सुरुवातीची साखर कुणाला ठाऊक?

"मग ब्रिक्स बघू की. कारखान्याचे लोक उसाचा बघतात तसा."

कोल्हापूरकराला ब्रिक्स शिकवावा लागत नाही! पण रिफ्रॅक्टोमीटर इथे फसवतो. तो प्रकाश किती वाकतो ते बघतो, आणि साखरेसारखं अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. दोन्ही एकत्र असले की एकच आकडा मिळतो आणि त्यातलं कुणाचं किती ते कळत नाही.

तिसरा मार्ग उकळबिंदूचा. वायनरीत इबुलिओमीटर नावाचं उपकरण असतं. 10 टक्क्यांची वाईन पाण्यापेक्षा सुमारे सात अंश आधी उकळते. पण जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे 3100 फुटांवर. तिथे साधं पाणीच 97 अंशांच्या आसपास उकळतं. समुद्रसपाटीचा तक्ता घेऊन डोंगरावर बसलात तर माठातलं पाणीही तीन-चार टक्क्यांचं निघेल :) म्हणून त्या उपकरणात आधी त्याच जागी, त्याच दिवशी पाणी उकळून शून्य ठरवतात. आमच्याकडे ना उपकरण, ना तेवढा अचूक थर्मामीटर.

पण त्या शून्य ठरवण्यावरून पुढचं सुचलं. जुनं व्हर्जन नाही ना? मग याच वाईनमधून अल्कोहोल काढून टाकू आणि तिची तिच्याशीच तुलना करू. ही पद्धत जुनीच आहे, मी फक्त हायड्रोमीटरच्या जागी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला.

अर्धा लिटरची काचेची बाटली वाईनने काठोकाठ भरली आणि वजन केलं. मग तीच वाईन पातेल्यात ओतून, खिडक्या उघड्या ठेवून, मंद आचेवर निम्मी होईपर्यंत आटवली. अल्कोहोल आधी उडून जातं. साखर, रंग, आंबटपणा मागे राहतो. पूर्ण गार झाल्यावर पातेलं विसळून सगळं परत त्याच बाटलीत ओतलं, पाण्याने काठोकाठ भरलं आणि पुन्हा वजन. हलक्या अल्कोहोलच्या जागी पाणी आलं, म्हणून बाटली जड झाली पाहिजे. अर्ध्या लिटरला 10 टक्क्यांमागे साडेसहा ग्रॅमच्या आसपास.

बाटली आठ ग्रॅमने जड झाली होती. म्हणजे जवळपास 12 टक्के. काटा एका ग्रॅमचा, तेव्हा टक्का-दीड टक्का इकडेतिकडे धरा. तरी 'फळाचा रस' नक्कीच नाही. गोडीमुळे जिभेला ती जेमतेम पाच-सहा टक्क्यांची वाटत होती.

आता हिशोब करा. 150 मिलीच्या ग्लासात 12 टक्क्यांनी 18 मिली, म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ते 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅमच्या जवळ जाऊ शकतं. आणि 30 हीच आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे. सहा टक्के समजून दोन ग्लास घेणारा माणूस प्रत्यक्षात चार घेत असतो.

चुलतभाऊ आला, त्याला आम्ही सगळं सांगितलं. "अरे, आठ ग्रॅमनं काय हुतंय?" म्हणून तो हसला. वहिनींनी पातेल्यात अर्धा लिटर वाया घालवल्याबद्दल आम्हाला झाडलं. मित्राने काही न बोलता त्याच्या मोटरसायकलची किल्ली उचलली आणि फ्रिजवर ठेवली. भाऊ थोडा रागावला, मग दोन ग्लास घेतले, तांबड्या-पांढऱ्यावर आडवा हात मारला आणि तिथेच झोपला. सकाळी चहा घेऊन पन्हाळ्याला गेला.