अंतराळांतील मनगटी घड्याळें

वडिलांचें एच. एम. टी.चें 'जनता' घड्याळ आमच्या घरांत अद्याप चालू आहे. तें घडविणारा कारखाना राहिला नाहीं. सरकारनें २०१६ सालीं तो धंदा बंद करण्याचें ठरविलें. घड्याळ मात्र दिवसाकाठीं मिनिटभर मागें पडतें, एवढाच त्याचा दोष. त्यास रोज रात्रीं किल्ली द्यावी लागते. दुसरें घड्याळ आमचें स्वतःचें, लग्नांत सासऱ्यांनीं दिलेलें. तें स्वयंचलित, म्हणजे हातावर बांधून हिंडलें कीं आपोआप किल्ली बसणारें. तरुणपणीं आम्हांस त्याचा फार अभिमान वाटे. ह्या दुसऱ्या घड्याळापायीं आमच्या हातून एका विद्यार्थ्यास अन्याय झाला. तो येथें सांगावयाचा आहे; पण त्याचें मर्म ध्यानांत येण्यास अंतराळांत गेलेल्या घड्याळांची हकीकतही सांगितली पाहिजे.

१९८४ सालच्या एप्रिलांतील गोष्ट. ३ तारखेस राकेश शर्मा सोव्हिएत यानांतून अंतराळांत गेले होते. शाळा सकाळची होती, आणि सातवीच्या वर्गांत दुसरा विषयच नव्हता. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तुमच्यासारखें घड्याळ त्यांच्या हातांत असलें तर तें वर चालेल का?" आम्हीं घड्याळ काढून मुलांच्या कानाशीं हालविलें, आंतील चकतीचा आवाज त्यांस ऐकविला, आणि सांगितलें कीं ह्यांत एक अर्धवर्तुळाकार जड चकती आहे, हात हालला कीं ती वजनानें खालीं घसरते व स्प्रिंग गुंडाळली जाते, वर कशालाच वजन भासत नाहीं, सबब चकती घसरणार नाहीं आणि घड्याळ बंद पडेल. सर्व वर्गास तें पटलें. तो मुलगा मात्र उभाच राहिला. म्हणाला, "पण गुरुजी, ओला हात झटकला कीं पाणी आडवें उडतें. तें कांहीं वजनानें उडत नाहीं. मग तिथें हात झटकला तर?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. उत्तर नसलें म्हणजे मास्तर जें करतो तेंच आम्हीं केलें. फाजीलपणाबद्दल त्यास तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभें केलें.

आतां घड्याळांकडे वळूं. १२ एप्रिल १९६१ रोजीं यूरी गागारिन १०८ मिनिटांत अंतराळाची सफर करून परतले, तेव्हां त्यांच्या मनगटावर मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याचें 'श्टुर्मान्स्किये' नांवाचें किल्लीचें घड्याळ होतें. तें वैमानिकांस मिळत असे, बाजारांत विकत मिळत नसे. पुढच्या वर्षीं अमेरिकेचे स्कॉट कार्पेंटर गेले. पृथ्वीभोंवतीं एक फेरी सुमारें दीड तासांत होते, म्हणजे अहोरात्रांत सोळा वेळां सूर्य उगवतो आणि सोळा वेळां मावळतो. (त्रिकाळ संध्या करणारानें तेथें काय करावें, असा प्रश्न आमच्या थोरल्या बंधूंनीं ह्यावर काढला, व त्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.) तेथें घड्याळांत दहा वाजले असतां ते सकाळचे कीं रात्रीचे हें आकाशाकडे पाहून समजत नाहीं. म्हणून कार्पेंटर ह्यांनीं ब्राइटलिंग कंपनीकडून बाराऐवजीं चोवीस तासांच्या तबकडीचें घड्याळ करवून घेतलें. २४ मे १९६२ रोजीं तें त्यांच्यासह तीन फेऱ्या करून आलें. परततांना यानाची दिशा किंचित् चुकली, शिवाय वेग रोखणारे अग्निबाण तीन सेकंद उशिरा पेटले, व यान ठरल्या जागेच्या सुमारें ४०० किलोमीटर पलीकडे समुद्रांत उतरलें. त्या तीन सेकंदांचेच वीसेक किलोमीटर! जें घड्याळ अंतराळांत टिकलें तें समुद्राच्या खाऱ्या पाण्यानें निकामी झालें.

लहानपणीं वडिलांपाशीं आम्हीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह पाठ केला होता. त्यांत चोवीस गुण सांगितले आहेत. त्यांपैकीं गुरुत्व हें वस्तूच्या पहिल्या पतनाचें कारण. आणि संस्कार नांवाचा दुसरा गुण तीन प्रकारचा, वेग, भावना व स्थितिस्थापक. वांकविलेली फांदी सोडतांच पूर्वस्थितीस येते ती ह्या स्थितिस्थापकामुळें. ह्या दृष्टीनें पाहतां घड्याळांच्या दोन जाती होतात. लग्नाचा मुहूर्त दाखविणारें घटिकापात्र पाण्यांत बुडतें तें गुरुत्वानें, आणि भिंतीवरील लंबक हेलकावे घेतो तोही गुरुत्वानें; हीं दोन्हीं यानांत नेलीं तर निरुपयोगी. मनगटी घड्याळ मात्र स्प्रिंगच्या, म्हणजे स्थितिस्थापकाच्या, बळावर चालतें. त्यास वर काय आणि खालीं काय, सारखेंच. एवढी मांडणी आम्हांस येत होती, आणि तिच्यावरच आमची घमेंड उभी होती.

१९६४ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेंतील जेम्स रेगन नांवाच्या अभियंत्याकडे अंतराळवीरांसाठीं घड्याळ निवडण्याचें काम आलें. पाहिजे होतें तें क्रोनोग्राफ जातीचें, ज्यांतील एक सेकंदकांटा हवा तेव्हां चालू व बंद करतां येतो. यानांत दुसरीं यंत्रें होतींच. परंतु तीं बिघडलीं तर शेवटचा आधार हातावरचा. अखेर तीन कंपन्यांचीं मनगटी घड्याळें परीक्षेस उभीं राहिलीं. परीक्षा अशी: दोन दिवस ७१ अंश उष्णतेंत, लगेच अर्धा तास ९३ अंशांत, पुढें उणें १८ अंशांच्या थंडींत, मग निर्वात पेटींत, दमट हवेंत, शुद्ध प्राणवायूंत, शिवाय धक्के, कंप आणि कर्कश आवाज. एकच उत्तीर्ण झालें, ओमेगा कंपनीचें 'स्पीडमास्टर'. गंमत अशी कीं १९५७ सालीं तें निघालें मोटारींच्या शर्यतींसाठीं, आणि वॉली शिरा ह्यांनीं स्वतःच्या पैशानें घेतलेलें तसलेंच घड्याळ १९६२ सालीं अंतराळांत नेऊनही आणलें होतें. १ मार्च १९६५ रोजीं त्यास अधिकृत मान्यता मिळाली. त्याच जूनमध्यें एड व्हाइट यानाबाहेर तरंगले तेव्हां तें पोषाखावरून लांब पट्ट्यानें बांधलेलें होतें.

तें किल्लीचें होतें, आमच्या वडिलांच्या 'जनता'सारखें! ही एक गोष्ट आम्ही पुढें वर्गांत पुरावा म्हणून सांगत असूं. पाहा, सर्वांत कठोर परीक्षा उतरलेलें घड्याळ हातानें किल्ली द्यावयाचें. स्वयंचलित तेथें चालत असतें तर तेंच नसतें का घेतलें? त्या काळीं स्वयंचलित क्रोनोग्राफ बाजारांत आलेलेच नव्हते, ते प्रथम १९६९ सालीं आले, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणाऱ्या आर्मस्ट्राँग ह्यांच्या मनगटावर त्या वेळीं घड्याळ नव्हतें. चांद्रयानांतील कालमापक बिघडल्यामुळें त्यांनीं आपलें घड्याळ तेथें त्याच्या जागीं ठेवलें होतें. चंद्रभूमीवर प्रथम गेलें तें आल्ड्रिन ह्यांचें. परंतु ह्या घड्याळाचें खरें काम १९७० च्या एप्रिलांत झालें. अपोलो १३ यानावर प्राणवायूची टाकी फुटली, वीज वांचविण्यासाठीं यंत्रें बंद करावीं लागलीं, आणि परतीचा मार्ग सुधारण्याकरितां इंजिन बरोबर १४ सेकंद पेटविणें प्राप्त झालें. खिडकींतून पृथ्वीकडे पाहून यानाची दिशा लॉव्हेल व हेज ह्यांनीं सांभाळली. सेकंद मोजले स्विगर्ट ह्यांनीं, मनगटावरील घड्याळावर. १४ सेकंद म्हणजे आपल्या गणितानें ३५ विपळें, पुरतें एक पळही नव्हे. तेवढ्यावर तिघांचे प्राण होते, आणि तिघेही सुखरूप परत आले.

गेल्या दिवाळींत ही हकीकत आम्ही ओटीवर मुलांस सांगत होतों, आणि ओघांत नेहमींचें वाक्यही बोलून गेलों कीं स्वयंचलित घड्याळ तेथें बंद पडतें. आमच्या पुतण्याची मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. ती म्हणाली, "आजोबा, तें चालतें. पोग यांनीं नेलें होतें." विल्यम पोग हे १९७३ च्या नोव्हेंबरांत स्कायलॅब ह्या अंतराळस्थानकांत गेले व तेथें ८४ दिवस राहिले. सरावाच्या वेळीं ते सेइको कंपनीचें एक पिवळ्या तबकडीचें स्वयंचलित क्रोनोग्राफ घड्याळ वापरीत. त्याची सवय झाल्यानें, परवानगी न विचारतां, पोषाखाच्या खिशांत घालून त्यांनीं तें बरोबर नेलें. वर तें उत्तम चाललें. ही गोष्ट पुष्कळ वर्षें फारशी कोणास ठाऊक नव्हती, म्हणून १९८५ सालीं राइनहार्ड फुरर ह्या जर्मन अंतराळवीरानें नेलेलें घड्याळच तसल्या जातीचें पहिलें, अशी समजूत होती.

मुलीनें समजावून दिलेलें कारण येणेंप्रमाणें. तेथें वजन भासत नाहीं, परंतु चकतीचें वस्तुमान जेथल्या तेथेंच असतें. हात झटकन् हालला कीं घड्याळाचा सांगाडा हालतो, जड चकती आपल्या जडत्वामुळें मागें राहते, आणि दोहोंच्या ह्या फरकानें ती आंसाभोंवतीं फिरून स्प्रिंग गुंडाळते. ती बोलत असतां आमच्या डोळ्यांसमोर ओला हात आणि आडवें उडणारें पाणी आलें. तर्कसंग्रहांत गुरुत्वाहून निराळा असा वेग सांगितला आहे, आणि तें प्रकरण आम्हांस मुखोद्गत होतें. आजचें जडत्व व तो वेग एकच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण गुरुत्वावांचूनही वस्तु हालते एवढें तरी आम्हांस त्या दिवशीं सुचावयास पाहिजे होतें. सुचलें होतें तें बारा वर्षांच्या मुलास, आणि आम्हीं त्यास उन्हांत उभें केलें. पुढें २०१८ सालीं सेवानिवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षें तेंच चुकीचें उत्तर आम्ही वर्गावर्गांतून सांगत आलों.

सातवीनंतर त्याच्या वडिलांची बदली झाली, आणि तो दाखला घेऊन गेला. आम्हीं जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली. ठिकाण लागलें नाहीं. आतां त्याची पन्नाशी उलटली असेल. हें मासिक त्याच्या घरीं जात असल्यास त्यास एवढें कळावें कीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर 'चालेल' असें आहे, आणि आम्हीं त्यास वर्गाबाहेर घातलें त्याच्या दहा वर्षें आधींच तें चाललें होतें.