चाकांवरची ओसरी

मोटार घेणारा माणूस ती किती पळते, लिटरला किती चालते आणि शेजाऱ्याच्या मोटारीपेक्षा किती झोकात दिसते, एवढे पाहतो. मला एकच गोष्ट पाहायची होती : तिच्यात माझी आई झोपू शकेल का? आईचे वय ७६, उंची चार फूट नऊ इंच, दोन्ही गुडघे संपावर. आणि माझ्यापाशी रुपये सव्वा लाख.

असला विचित्र हिशेब का करावा लागला, ते आधी सांगतो. आमचे मूळ गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्यापासून थोडे आत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडच्या माडा-पोफळींची त्याने दशा करून टाकली. त्यात आमच्या घराची कौले गेली, आढे खाली आले आणि उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती पुढच्या पावसाने विरघळवल्या. उरले जोते आणि तुळशीवृंदावन. सातबाऱ्यावर नावे अकरा. एक कौल बसवायचे तरी अकरा जणांची संमती हवी आणि त्यांतला एक नागपुरात, तर एक अमेरिकेत. थोडक्यात, घर होणे नव्हते.

पण शिमगा तर दर वर्षी येतो! कोकणात शिमग्याला माणसे देवाकडे जात नाहीत, देवच पालखीत बसून माणसांकडे येतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. ती आपल्या अंगणात केव्हा येईल, याची वेळ कुणी सांगू शकत नाही. दिवेलागणीपासून कोंबडा आरवेपर्यंत केव्हाही ढोल वाजू शकतो. दापोलीत खोली घेऊन राहावे, तर तिथे ढोल ऐकू येणार कसा? भाऊबंदांपैकी कुणाच्या घरी उतरावे, तर संबंध असे की, चहा मिळेल, अंथरूण मिळेलच असे नाही. आईचे म्हणणे मात्र अगदी साधे होते.

“पालखी दाराशी आली आणि पुढे यायला घरचं कोणी नाही, असं माझ्या हयातीत नको रे बाळ. घर नसेल तर नसो. जोत्यापाशी मी असेन.”

तेव्हा २०२३ च्या शिमग्याच्या आधी मी, आमची सौभाग्यवती आणि तिच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी असे तिघे पुण्यातले जुन्या मोटारींचे बाजार धुंडाळू लागलो.

पहिली पाहिली ती अ‍ॅम्बॅसडर. २०१४ पर्यंत बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार होणारी ही बाई म्हणजे आमच्या लहानपणीचे सगळे वैभव. कलेक्टर तिच्यातून उतरत, नवरदेव तिच्यात बसत. मागचे आसन सोफ्यासारखे. पण पट्टी लावली तर दारापासून दारापर्यंत जेमतेम चार फूट भरले. ऐसपैसपणा आणि लांबी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे तिथे कळले. गुडघे दुमडून झोपणे तरुणांना जमेल. आमच्याकडे दुमडण्याजोगे गुडघेच नव्हते.

मग टाटा सुमो. १९९४ साली आलेली ही गाडी पुष्कळांना जपानी पहिलवानावरून नाव मिळाल्यासारखी वाटते. वास्तविक ते सुमंत मुळगावकर या आपल्या थोर मराठी उद्योगधुरंधराच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे जुळवून केलेले आहे. माझ्यातल्या मराठीच्या मास्तराला तिथेच ती घ्यावीशी वाटली. मागे समोरासमोर आडवी बाके, मध्ये मोकळी जागा. दोघे जण मजेत पसरतील. पण पायरी एवढी उंच की, आईला चढवायला दोन माणसे आणि उतरवायला तीन लागली असती. शिवाय रात्रीतून दोनदा उतरावे लागते, हे सत्तरी उलटलेल्यांच्या घरात सांगायला नको.

शेवटी तिसऱ्या बाजारात एका कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली मारुती ओम्नी दिसली. ही गाडी १९८४ मध्ये नुसती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. हिंदी चित्रपटांनी तिला मुली पळवणाऱ्या गुंडांची गाडी म्हणून बदनाम केले. पण भाजीवाल्यापासून शाळेच्या मुलांपर्यंत सगळ्यांचा संसार तिनेच ओढला. मला मुख्यतः आठवली ती तिची रुग्णवाहिका. ज्या गाडीत आजारी माणूस आडवा जाऊ शकतो, तिच्यात धडधाकट माणूस झोपू शकेल, असे माझे तर्कशास्त्र. हे मी आईला अर्थातच सांगितले नाही.

ही आठ जणांची होती, म्हणजे मधले बाक मागे तोंड केलेले आणि शेवटचे पुढे. रेल्वेच्या डब्यातल्यासारखी दोन्ही समोरासमोर. मधल्या जागेवर फळ्या टाकल्या की झाला पलंग. बाके काढून टाकली तर जागा वाढेल, असे दलाल म्हणाला. पण नोंदणीपुस्तकात आठ आसने असताना परवानगीवाचून ती काढणे कायद्यात बसत नाही. पट्टी लावली. सरळ मोजले तर चार फूट दहा इंच. तिरके मोजले तर साडेपाचाच्या वर! भूमिती शाळेत शिकवतात ती अशा वेळी उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी आईलाच घेऊन गेलो. सरकते दार, जमिनीलगत पायरी. आईने देवळात काढाव्यात तशा चपला बाहेर काढल्या, आत गेली आणि दलालाच्या देखत फळीवर सरळ आडवी झाली. पाच मिनिटे डोळे मिटून पडली. दलालाने हजारो गिऱ्हाइके पाहिली असतील. पण चावी न मागता डोळा लावणारे हे पहिलेच.

“सर, आजींना बरं नाही का?” त्याने हळूच विचारले.

“तसं नाही. गाडी बघताहेत त्या.”

आमच्या ओळखीचे मिस्त्री फार बोलणारे नव्हेत. त्यांनी प्रथम बोनेटवर हात ठेवायच्या ऐवजी पुढची बैठक उचलली, कारण हिचे ७९६ सीसीचे इंजिन तिथेच दडलेले असते, आणि ते गार आहे याची खात्री करून घेतली. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. मग पायाखालचे रबर उचलून पत्रा पाहिला, दाराचा रूळ पाहिला, छताला पाण्याचे डाग आहेत का ते पाहिले. झोपायच्या गाडीत इंजिनाइतकेच छत महत्त्वाचे! गॅसचे किट कधी बसवले होते का, तेही विचारले. बसवलेले असेल तर पुस्तकात त्याची नोंद हवी. सांगाड्यावरचा क्रमांक पुस्तकाशी जुळवला, कर्जाचा बोजा नाही हे पाहिले. मागचा मालक शाळेची मुले नेत असावा. एका खिडकीवर कुणी तरी बोटाएवढ्या अक्षरांत पावकी कोरली होती. नमुना २९ आणि ३० भरून, एक लाख दहा हजारांना गाडी आमची झाली. उरलेल्यात दोन टायर, नाना पेठेतून दाराचे नवे रबर आणि मच्छरदाणीचे कापड आले.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड, पोलादपूर आणि खेडवरून दापोली. गाडी चढावर इतकी सावकाश चालते की, निसर्गसौंदर्य पाहणे सक्तीचे होते. पण कुरकुर करायला मला तोंड नव्हते. याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून तिथून परत पाठवले गेले होते.

आम्ही जोत्याला लागून गाडी उभी केली, चाकांना दगड लावले. इंजिनाची ऊब तासभर बैठकीखालून येत राहिली, म्हणून आईला उशिरा आत निजवले. असे झोपणाऱ्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : इंजिन बंदच ठेवावे, थंड हवेच्या मोहानेही चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे उघड्या आणि त्यांवर मच्छरदाणी. आम्ही दोघे चटई टाकून जोत्यावरच पडलो. वर छप्पर नव्हते, चांदणे मात्र भरपूर होते. सौभाग्यवती म्हणाली, “आई आत तिरक्या झोपल्यात ना?” मी उठून बॅटरीने पाहिले. आई कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, अगदी पट्टीने आखल्यासारखी निजली होती.

अडीचच्या सुमारास लांबून ढोल ऐकू आला. आई आमच्या आधी जागी झाली. दार सरकवले, पाय जमिनीला टेकले, पदर सारखा केला. संध्याकाळीच तिने जोत्यावर ओसरीच्या जागी शेण सारवून घेतले होते आणि रांगोळी काढली होती. पालखी आली, अंगणात नाचली. मानकऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिले, रांगोळीकडे पाहिले आणि काही न विचारता पालखी ओसरीच्या जागी टेकवली. आईने ओटी भरली, नारळ ठेवला. गाऱ्हाणे घालताना म्हाताऱ्याने आमच्या घराण्याचे नाव घेतले, तेव्हा आईने माझा दंड घट्ट धरला. गुडघ्यांसाठी असावा, असे मी तेव्हा समजलो.

सकाळी चुलतभाऊ आला. तीन वर्षे आमचे बोलणे वकिलामार्फत चालले होते. तो गाडीभोवती फिरला, दार दोनदा सरकवून पाहिले, मग फळीवर बसला. आईने त्याला चहा दिला. कप रिकामा करता करता तो जोत्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काकी, कौलं नकोतच. तूर्त चार खांब आणि पत्रे टाकले तर? पत्र्याचा भाव मी खेडला काढून ठेवलाय.”

आई म्हणाली, “आधी माप घे.” सौभाग्यवतीने मोजपट्टी त्याच्या हातात दिली.