आवडीची मागील बाजू

मनुष्याची खरी ओळख कशावरून पटते, याविषयी जाणत्यांचे एकमत नाही. कोणी म्हणतात हस्ताक्षरावरून, कोणी म्हणतात मित्रांवरून, आणि आमचे एक वृद्ध शेजारी म्हणतात की, पंगतीत त्याचा पहिला हात कोणत्या पदार्थाकडे जातो त्यावरून. आम्हांस हे शेवटचे मत अधिक ग्राह्य वाटते. मनुष्य बोलतो ते पुष्कळदा विचार करून; परंतु आवडत्या वस्तूकडे त्याचा हात विचार न करताच जातो. म्हणून या वार्षिकासाठी काही लिहून द्यावे अशी संपादकांची आज्ञा होताच, विद्वत्तेचा आव न आणता, सध्या ज्या चार गोष्टींचा नाद आम्हांस लागला आहे त्यांचाच हिशेब वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही ठरविले. एक चित्रपट, एक दूरदर्शनमालिका, एक गीतमाला व एक खाद्यपदार्थ, असा हा चार खणांचा डबा आहे.

डबा उघडण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. येवल्यात राहणाऱ्या मनुष्यास वस्तू पारखण्याची एक रीत आपोआप अवगत होते. परगावची गिऱ्हाइके पैठणी घेण्यास येतात आणि पदरावरील मोर पाहूनच हरखून जातात. जाणता येवलेकर मात्र प्रथम पदर उलटा करतो. हातमागावरील अस्सल पैठणीत प्रत्येक रंगाचे रेशीम निराळ्या कांडीवरून, नक्षीपुरतेच गुंफलेले असते. त्यामुळे मोर किंवा कमळ समोरून जसे दिसते तसेच मागूनही दिसते. यंत्रावर काढलेल्या नकलेच्या पाठीवर बहुधा सुटे धागे लोंबत असतात. ही परीक्षा कापडापुरतीच ठेवावी असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? आम्ही अलीकडे आपल्या आवडींनाही ती लावू लागलो आहो.

पहिला नाद चित्रपटाचा. दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला व १९४४ साली नाशिकास त्यांनी देह ठेवला. १९११ साली ईस्टरच्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. आणि तो पाहत असताच आपल्या कृष्णाचे, रामाचे चरित्र असेच पडद्यावर यावे, या विचाराने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्या मूकपटाचा जो अंश आज पाहावयास मिळतो, तो आम्ही वारंवार पाहतो. माणसे लगबगीने चालतात, हातवारे मोठे करतात, आणि आजच्या मुलांस हसू येते. हसण्यास आमची हरकत नाही. परंतु हसून झाल्यावर पदर उलटून पाहावा. भांडवल मिळावे म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या अंकुराची चित्रे दिवसांमागून दिवस घेऊन, रोपटे डोळ्यांदेखत वाढते असा छोटा पट करून दाखविला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडीत. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या, एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणाऱ्या तरुणाने लुगडे नेसून ती भूमिका केली. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या! हे कळल्यापासून तो पट आम्हांस दुप्पट आवडू लागला आहे.

दुसरा नाद दूरदर्शनचा. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच दशकात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ घरोघरी अवतरले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते, तर बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिमणरावांची फजिती पाहून आम्ही अजूनही पोट धरून हसतो. याही पदराची मागील बाजू पाहण्याजोगी आहे. ज्यांनी मराठी घराचा हा सारा भित्रेपणा व भाबडेपणा टिपला, ते जोशी पाली भाषेचे पंडित होते आणि बडोद्यास अध्यापन करीत. गंभीर विद्या आणि निर्मळ विनोद एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हे ज्या विद्यार्थ्यांस खरे वाटत नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उलटपक्षी, हल्लीच्या पुष्कळ मालिकांची पाठ आम्ही पाहिली तेव्हा तेथे निराळाच प्रकार आढळला. प्रत्येक रात्री कथा नेमकी अशा ठिकाणी तोडलेली असते की, उद्या त्याच वेळी मनुष्य पुन्हा येऊन बसावा आणि मधल्या जाहिराती त्याने पाहाव्या. तळहातावरील भ्रमणध्वनी तर याहून चतुर. आपण काल काय पाहिले हे तो लक्षात ठेवतो, आणि आज तसेच आणखी दहा तुकडे पुढे सारतो. चार दिवसांनी आपण म्हणू लागतो, ‘हे मला फार आवडते.’ वस्तुतः ती आवड नसते, ती सवय असते. आणि तिचा धागा आपल्या हाती नसून दुसऱ्याच्या हाती असतो.

तिसरा नाद ‘गीतरामायणा’चा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत लोकांच्या कानी पडले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर गीते द्यावयाची होती; त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे त्यांची संख्या छप्पन्न झाली. मागील बाजूस पाहिले म्हणजे मन थक्क होते. दर आठवड्यास नवे गीत लिहावयाचे, त्यास चाल लावावयाची, गायक-वादकांकडून बसवून घ्यावयाचे, आणि ते संपते न संपते तोच पुढचा आठवडा दाराशी उभा! ऐकणारेही आठवडाभर वाट पाहत. आज छप्पन्नच्या छप्पन्न गीते एका बैठकीस ऐकण्याची सोय आहे. तथापि आम्ही आठवड्यास एकच ऐकण्याचा नेम केला आहे. वाट पाहिल्याने गीताची गोडी किती वाढते, हे ज्याने त्याने करून पाहावे.

चौथा नाद सांगताना मात्र आमच्या तोंडास पाणी सुटते. बाजरीची गरम भाकरी, खरडलेला ठेचा, आणि बुक्कीने फोडलेला कांदा! सुरीने कापलेल्या कांद्यास ही चव का येत नाही, या कोड्याचा उलगडा करणाऱ्यास आम्ही एक भाकरी जास्त वाढू. आमच्या तालुक्यात पाऊस बेताचा, म्हणून बाजरी ही आमची जुनी सोबतीण. कांद्याची कथा आणखी लांब आहे. उन्हाळ कांद्याचे रोप आधी वाफ्यात वाढवावयाचे, मग थंडीत एकेक काडी हाताने लावावयाची, मार्च-एप्रिलात काढून चाळीत भरावयाचा, आणि मग लासलगावच्या किंवा येवल्याच्या बाजारातील भावाकडे डोळे लावून बसावयाचे. भाव पडला तर वाहनभाडेही सुटत नाही. आमच्या शाळेतील कित्येक मुलांची फी, पुस्तके व नवे कपडे त्या चाळीत साठविलेले असतात. ताटातील कांदा फोडताना एवढे ज्यास आठवते, तो ताटात काही टाकीत नाही.

आता या सर्व हिशेबाचे कारण सांगतो. मागील वर्षी आम्ही नववीच्या मुलांकडून ‘माझ्या आवडी’ या विषयावर निबंध लिहून घेतला. जवळजवळ प्रत्येक वहीत तेच नट, तेच खेळ, त्याच नूडल्स! एका मुलाच्या घरी माग आहे. संक्रांतीस येवल्याच्या गच्च्यांवर हलकडी वाजू लागली की त्याच्या हातातील आसारी पाहत राहावी, असा तो पतंगबाज. पण रेशीम उकलण्याच्या ज्या आसारीवरून त्याची आई कांड्या भरते, तिचा त्याच्या वहीत उल्लेखही नव्हता. आम्ही कारण विचारले. तो खाली पाहून म्हणाला, ‘‘सर, त्यात काय लिहायचं? ते घरचं काम आहे.’’

त्याच्या वडिलांशी बोललो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘सर, याला मागाचं कौतुक सांगू नका. माझी पाठ गेली, डोळे जायला लागले. हा शिकून नोकरीला लागला म्हणजे झालं.’’ यावर आम्हांस उत्तर नव्हते. महिनोन्‌महिने मागावर वाकून बसणे काय असते हे जो बसतो त्यासच ठाऊक. त्याने आपल्या मुलासाठी दुसरी वाट इच्छिली तर त्यास दोष कोण देईल?

म्हणून मुलास आम्ही ‘माग चालव’ असे सांगितले नाही. ‘केवळ एक संध्याकाळ बसून पाहा आणि पाहिलेले लिही,’ एवढेच सांगितले. आठ दिवसांनी त्याने अर्धे पान आणून दिले. त्यात लिहिले होते की, मोर विणताना बाबा कोणाशी बोलत नाहीत. बोलावेच लागले तर आधी हातातील कांडी खाली ठेवतात. आणि एक धागा चुकला तर कोणाच्या लक्षात येणार नाही हे ठाऊक असूनही तेवढा भाग उकलून पुन्हा विणतात. पुढील पालकसभेत ती वही आम्ही वडिलांच्या हाती दिली. त्यांनी पान वाचले, पुन्हा वाचले. मुलाच्या नोकरीविषयीचे आपले मत काही त्यांनी बदलले नाही. केवळ, ‘‘ही वही दोन दिवस घरी नेऊ का?’’ एवढे त्यांनी विचारले.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस जे आवडते ते खुशाल आवडो. त्यावर बंदी घालण्याचा आमचा मानस नाही, अधिकारही नाही. परंतु येत्या सुटीत आपल्या आवडीची एक वस्तू निवडा, गाणे असो की खेळ की खाऊ, आणि ती उलटून पाहा. कोणाचे हात तिला लागले, किती दिवस लागले, मोबदला कोणास मिळाला आणि किती, याचा शोध घ्या. पालकहो, मुले प्रश्न विचारू लागली तर ‘तुला काय करायचे आहे?’ म्हणून त्यांस गप्प करू नका. आपल्या कामाची पाठ त्यांस पाहू द्या. जे सापडेल ते अर्ध्या पानावर लिहून पुढील वार्षिकासाठी अवश्य पाठवा.