खण सोळा, वारस सतरा

वाडा विकायचा, असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलंच नाही. आजही सतरा वारसांपैकी एकही कबूल करणार नाही की विषय आपण काढला. आत्या म्हणते, दादाने काढला. दादा म्हणतो, मी फक्त यंदा कौलं कोण परतणार एवढंच विचारलं होतं. प्रश्न साधाच. पण साताऱ्याच्या पेठांमधल्या वाड्यांत जे वाढले त्यांना ठाऊक आहे, की ज्या वर्षी हे विचारावं लागतं त्या वर्षी वाडा निम्मा हातचा गेलेला असतो.

कारण आमच्या लहानपणी हे कुणी विचारत नसे. अक्षय तृतीया झाली की शाकारणीचे गडी न बोलावता हजर होत, फुटकी कौलं खाली येत, चांगली वर जात, आणि फुटक्यांचा चुरा परसात न्हाणीच्या वाटेवर पसरला जाई. दिवाळीआधी चुन्याची सफेदी, त्यात चिमूटभर नीळ. टाकीवाली येऊन पाटा-वरवंट्याला टाकी लावी. कल्हईवाला चौकात भाता मांडून बसला की नवसागराच्या धुराला खोकत आम्ही सगळे भोवती. पिंजारी गाद्या पिंजून देई, गळक्या बादलीला डाग मिळे, बाजेचा सुंभ पुन्हा विणला जाई, छत्रीच्या काड्या बदलत आणि स्टोव्हची पिन हरवली तर घरभर शोधाशोध होई. आजोबांचं धोतर तर कधी निवृत्त होतच नसे, त्याची नुसती बदली होई. धोतराचे पंचे, पंच्यांची फडकी, फडक्यांचं पोतेरं. त्या पोतेऱ्याने चूल सारवताना आजी म्हणे, "हे यांच्या मुंजीतलं." यात अतिशयोक्ती किती, ते आजोबांना विचारायची आमची छाती नव्हती.

आमचा वाडा सोळा खणांचा. देवडी, चौक, चौकात हौद, ओसरी, माजघर, वर माडी, मागे परसू. शहराला पाणी कासच्या तलावाचं, उतारावरून आपोआप येणारं. नळ घरात आला तरी हौद भरलेलाच हवा, असा आजोबांचा दंडक. पाणी जाणार हे त्यांना आदल्या दिवशी कसं कळे, कोण जाणे.

या घराची कालगणना भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला आणि तेव्हापासून सगळं 'भूकंपाच्या आधी' नाहीतर 'भूकंपानंतर'. आमच्यातल्या मोठ्यांना ती पहाट आठवते. धाकट्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की त्यांनाही आठवते. लाकडी सांगाडा करकरला, हलला आणि पुन्हा जागच्या जागी बसला. मातीच्या भेंड्यांची मागची भिंत मात्र पोटात फुगली. सुताराने तिला टेकू लावून दिला, तात्पुरता.

हा तात्पुरता टेकू आमच्या पिढीने डोळे भरून पाहिला आहे. बाभळीचा जाड वासा, खाली बूड रोवायला काळा दगड, वर भिंतीशी लाकडी पाचर. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की पाचर ढिली पडे, मग आजोबा मोगरी घेऊन तीन ठोके घालत. तीनच. चौथा घातला तर भिंत रागावते म्हणे. कमरेच्या उंचीवर एक खिळा होता, त्याला आजोबांची छत्री. खांद्याच्या उंचीवर दुसरा, त्याला वाळत घालायची दोरी. खालचा हातभर भाग मुलांनी धरून धरून इतका गुळगुळीत झाला होता की साल कुठे संपली आणि लाकूड कुठे सुरू झालं ते कळत नसे. लपंडावात तो आमचा 'थप्पा'. आजोबांनंतर पाचर घरचे नाना ठोकू लागले, नानांनंतर खालचे बिऱ्हाडकरू काका. आमच्यापैकी कुणी ती ठोकली नाही. आम्ही सुट्टीला येत होतो, आणि सुट्टीला येणारा माणूस पाचर ठोकत नसतो.

तर विकायचं कुणी म्हटलं नाही. गीझर आला आणि तांब्याचा बंब मोडीत गेला, वजनावर. त्याच्या मागून घंगाळं गेली. तेव्हाही विकायचं कुणी म्हटलं नाही. चक्कीचं पीठ येऊ लागलं म्हणून जातं माजघराच्या कोपऱ्यात गेलं, वर्षाचं धान्य भरायचं थांबलं म्हणून बळद बुजवलं. झोपाळा काढला, कारण कड्या झिजल्या होत्या आणि नव्या घडवून देणारा लोहार आता खिडक्यांचे ग्रिल करत होता. तरीही विकायचं कुणी म्हटलं नाही. मग माणसं गेली. पुण्याला, ठाण्याला, बडोद्याला, एक न्यू जर्सीला. सगळे म्हणत, "वाडा आहेच." वाडा आहेच म्हणताना तो कुणाच्या जिवावर आहे, हा हिशेब नाना एकटे करत.

आणि बिऱ्हाडकरू. त्यांच्याशिवाय वाड्याची गोष्ट सांगणारा माणूस खोटं बोलतो, असं माझं मत आहे. भाडं पंधरा रुपये. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच. पुढे १९९९ चा नवा कायदा आला, २००० पासून वर्षाला चार टक्के वाढ घ्यायला मोकळीक मिळाली. पंधरा रुपयांवर चार टक्के म्हणजे साठ पैसे. नानांनी एकदा ते साठ पैसे मागितले. बिऱ्हाडकरू काकूंनी दिले, वर वाटीभर पुरणही दिलं. पुन्हा मागायची नानांना लाज वाटली. कौलांचा खर्च आमचा, घरपट्टी आमची आणि पावसात माडी गळली की तक्रार त्यांची, असा तो संसार. पण आजीच्या शेवटच्या दुखण्यात रात्री उशाशी कोण बसलं होतं, तर त्याच काकू. पुढे बिल्डरच्या कागदात त्यांचं नाव 'भोगवटादार' असं आलं तेव्हा आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं.

गणपतीत सगळे जमले तेव्हा माडीवर बैठक बसली. न्यू जर्सीचा चुलतभाऊ फोनच्या पडद्यावर, लोट्याला टेकवून ठेवलेला. प्रत्येकाने सुरुवातीला सांगितलं, "माझं काही म्हणणं नाही." मग अर्धा-अर्धा तास सांगितलं. कुणाला वाडा जसाच्या तसा राखायचा होता (हे बहुतेक सगळ्यात लांब राहणारे होते), कुणाला मुलीच्या लग्नाआधी मोकळं व्हायचं होतं. थोरल्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "राखायचं म्हणणाऱ्यांनी किल्ली घेऊन जावी." किल्ली वीतभर लांब, बिडाची. ती फिरून फिरून पुन्हा वहिनींसमोरच आली.

आत्या गप्प होती. पूर्वी आत्यांना विचारायची रीतच नव्हती. आजोबांच्या बहिणींनी लुगडं-चोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सह्या दिल्या होत्या. माहेर तुटू नये म्हणून देत असत. आमच्या आत्याचं लग्न आणीबाणीच्या आधीचं. १९९४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा उरलेला वाद २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. हे सगळं वकिलांनी सांगितलं. आत्या म्हणाली, "मला वाटा नको होता रे. पण कुणी विचारलं असतं तर नको म्हटलं असतं. आता कायदाच विचारतोय, तर हवा." यावर चहा मागवण्यात आला.

मग कागदपत्रं निघाली. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पणजोबा अजून जिवंत होते. आजोबांचं नाव लागलेलं, त्यांच्या एका भावाचं लागलेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. वारस नोंदी करता करता कळलं की आपल्याला दोन चुलत बहिणी अशाही आहेत ज्यांना आपण कधी पाहिलंच नाही. सोळा खण, सतरा वारस, भागाकार केला तर एक खणसुद्धा कुणाच्या वाट्याला पुरा येईना. न्यू जर्सीच्या मुखत्यारपत्रावर तिथल्या वकिलातीचा शिक्का, मग इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरणं. सगळ्यांत आधी त्याचाच कागद तयार झाला, कारण त्याला गप्पा मारायला वाडा नव्हता.

वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. खालील मिळकतीवर कुणाचा हक्क, हितसंबंध, बोजा वगैरे असल्यास अमुक दिवसांत कळवावे. आणि खाली चतुःसीमा. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस अमुक सिटी सर्व्हे नंबर, उत्तरेस तमुक, दक्षिणेस बोळ. आम्ही तो कागद हातोहात फिरवला. कारण आमची चतुःसीमा निराळी होती. पूर्वेस पेढेवाल्याची भट्टी, जिच्या वासाने आम्ही उठत असू. पश्चिमेस शेजारच्या आजींचं जांभळाचं झाड, ज्याची निम्मी जांभळं कायद्याने आमच्या चौकात पडत. उत्तरेस मास्तरांची खिडकी, म्हणून त्या बाजूला ओरडायचं नाही. आणि दक्षिणेस बोळाच्या वर, थेट, अजिंक्यतारा. हितसंबंध कळवायला कुणी आलं नाही. जांभूळवाल्या आजी असत्या तर नक्की आल्या असत्या.

वाटा काय काय होत्या? एकाने बाकी सोळा जणांचे वाटे विकत घ्यायचे, हे सगळ्यांना पसंत, फक्त तो एक कोण हे ठरेना. दुसरी, जागा आहे तशी कुणा व्यापाऱ्याला द्यायची. पण बिऱ्हाडकरूंसकट घेणारा भाव पाडून मागतो, आणि बिऱ्हाडकरूंना उठवून द्यायचं तर काकूंच्या तोंडाकडे कुणी पाहायचं? शिवाय सीएने कराचं गणित मांडलं. वडिलोपार्जित मिळकतीची किंमत १ एप्रिल २००१ ची धरायची, तिच्यावरचा नफा काढायचा, आणि त्यावर साडेबारा टक्के. किंवा महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, जे कमी पडेल ते. ही निवड इथे राहणाऱ्यांना, न्यू जर्सीला नाही. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट. तेव्हा एक काका म्हणाले, "म्हणजे घर विकलं की घरच घ्यायचं. मग आहे हेच काय वाईट होतं?" सीए हसला नाही. त्याच्याकडे अशी मंडळी रोज येत असावीत.

शेवटी बिल्डर. बिऱ्हाडकरूंना त्याच जागी घरं, आम्हाला काही फ्लॅट आणि काही रोख. कर बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेल त्या वर्षी. बाजार पाहून त्याने पहिला आकडा सांगितला, आम्ही 'विचार करून सांगतो' म्हटलं आणि खरंच विचार केला, म्हणजे दुसऱ्या दोघांना विचारलं. पुढच्या पिढीतली एक पुतणी कामाला आली. तिने करारात तीन गोष्टी घालायला लावल्या. बांधकाम होईपर्यंतचं सगळ्यांचं, बिऱ्हाडकरूंचंही, घरभाडं. उशीर झाला तर दंड. आणि नकाशा मंजूर झाल्याखेरीज वाडा रिकामा करायचा नाही. आम्हाला यातलं एकही सुचलं नव्हतं. आम्ही हौदाचे दगड कुठे ठेवणार यावर तासभर भांडत होतो.

मग लाकूडवाला आला. जुन्या सागाला भाव आहे, हॉटेलांना खांब लागतात, दिंडी दरवाजे लागतात. त्याने खणाखणांतून फिरत तुळया बोटांच्या टिचकीने वाजवून पाहिल्या, आणि सोळा खणांचा हिशेब कॅल्क्युलेटरवर मांडला. नानांनी कडीपाटाला दरवर्षी तेलाचा हात फिरवला होता, तेवढ्या खणांचा भाव त्याने वेगळा लावला, जास्त.

सामानाची वाटणी मात्र गोडीत झाली. पाटा-वरवंटा आत्याने मागून घेतला. तो तिच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून नेताना वॉचमनने हरकत घेतली. जातं पुण्याच्या पुतण्याकडे गेलं, वर काच टाकून त्याचं चहाचं टेबल झालं आहे. फुंकणी, अडकित्ते, ताम्हन, सहाणेचा तुकडा, एकाच्या दोन झालेल्या गोधड्या, कंदिलाच्या तीन काचा (कंदील एकही नाही), हे ज्याने त्याने नेलं. देव थोरल्या वहिनींकडे. टेकू कुणीच मागितला नाही, आणि तो काढायची छातीही कुणाची झाली नाही. लाकूडवाला म्हणाला, तो शेवटी काढू.

विकसन करारनामा झाला, नोंदणी झाली. नव्या इमारतीला नाव काय, यावर अजून सतरा जणांचं एकमत व्हायचं आहे. बिल्डरला काहीतरी 'हाइट्स' हवं आहे. आजोबांचं नाव हवं हे घरच्यांना मान्य, पण अक्षरं कशाची यावरून बैठक लांबली. बिल्डर स्टीलची म्हणतो. आत्या म्हणते पितळीच हवीत. वहिनींनी विचारलं, "आणि ती घासणार कोण?" पुढची बैठक दिवाळीत आहे, काकूंच्या भाड्याच्या घरी.